शेवटचं कडवं कुणी कापलं?

दोस्तांनो,

गुन्हा माझा आहे, म्हणून सुरुवात माझ्यापासून. दुसऱ्यांच्या दारात दगड टाकायचेच आहेत, पण पहिला दगड स्वतःच्या पत्र्यावर.

खोपोलीतली एक 14 एप्रिल. शिळफाट्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला आमचं स्टेज. निळ्या पताका, बाबासाहेबांचा फोटो, समोर सतरंजीवर बाया, पोरं, म्हातारी माणसं. संध्याकाळी सातपासून गायन पार्टी गात होती. गायक नेरळकडचे, साठी ओलांडलेले. कर्जतला गाडी बदलून, पेटी मांडीवर घेऊन, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत लोकलनं आलेले. सोबत ढोलकीवाला आणि कोरस धरायला भाचा. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत होतो. मामांनी वामनदादा कर्डकांचं गाणं धरलं होतं. सतरंजीवरच्या बाया मान हलवत होत्या, एक म्हातारी तर ओळ पडायच्या आधीच ओठ हलवत होती. तीन कडवी झाली. मामा चौथं, शेवटचं कडवं उचलणार, तेवढ्यात मागून एक कार्यकर्ता धापा टाकत आला : 'सायबांची गाडी फाट्यावर आली! बंद करा, बंद करा!'

माईक माझ्या ताब्यात होता. मामांच्या तोंडासमोरनं मी तो उचलला आणि बोंबललो, 'ज्या क्षणाची आपण आतुरतेनं वाट पाहत होतो...'

साला, कोण वाट पाहत होतं? सतरंजीवरची म्हातारी? ती शेवटच्या कडव्याची वाट पाहत होती.

साहेब आले. हार झाले. मग पाऊण तास साहेब बोलले. कोण कुणाच्या गटातून फुटला, कुणी कुणाचं तिकीट कापलं, कोण विकला गेला. बाबासाहेब सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. गाडी गेली तेव्हा दहा वाजले होते आणि कोपऱ्यातला हवालदार घड्याळ दाखवत होता. स्पीकर बंद. मामांच्या हातात ठरल्यापैकी अर्धी बिदागी पडली. उरलेली अर्धी 'नंतर बघू' म्हणून आम्ही ठेवली. ती आजतागायत नंतरच आहे. डीजेवाल्याचे पैसे मात्र आम्ही आठ दिवस आधी मोजून दिले होते. तो ॲडव्हान्सशिवाय येतच नाही.

स्टेशनवर सोडायला मी गेलो. गाडीला वेळ होता. बाकावर बसून, पेटी न उघडता, मामांनी ते राहिलेलं कडवं म्हटलं. मला ऐकवायला नव्हे, आपल्या आपणच. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, 'पोरा, शेवटच्या कडव्यात दादांचं नाव असतं. तेवढंच नेमकं कापलंस तू.'

हा लेख त्या एका वाक्याची उधारी आहे. बिदागीची उधारी वेगळी.

आता कोण हे वामनदादा? हसू नका. निळ्या झेंड्याखाली नाचणाऱ्या पाच पोरांना विचारलं, तर दोघं सांगतात 'ते भीमगीतवाले', आणि तिघं त्या गाण्याच्या गायकाचं नाव सांगतात. लिहिणारा कोण, हा प्रश्नच त्यांच्या डोक्यात नाही. म्हणून सांगतो.

वामन तबाजी कर्डक. जन्म 15 ऑगस्ट 1922, देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. ज्या तारखेला या देशाला पंचवीस वर्षांनी स्वातंत्र्य मिळालं, आणि आणखी पंचवीस वर्षांनी, 1972 साली, राजा ढालेंनी 'साधने'त काळा स्वातंत्र्यदिन लिहून ते स्वातंत्र्य कुणाचं म्हणून विचारलं, त्या तारखेची ही पैदास. शाळेचं तोंड पाहिलं नाही. आईबरोबर मुंबईला आले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत काळे झाले, खडी फोडली, चिक्की विकली, आइसफ्रूट विकलं. समता सैनिक दलात होते. एके दिवशी कुणीतरी एक पत्र पुढं केलं आणि म्हणालं, जरा वाचून दे. वीसेक वर्षांचा जवान गडी, आणि अक्षर कळेना! ती लाज त्यांना झोंबली. चाळीतल्या देहलवी मास्तरांकडं जाऊन ते अ आ इ ई शिकले. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत त्यांनी वाचन पक्कं केलं. आणि 1943 साली पहिलं गाणं लिहिलं.

पुन्हा वाचा. ज्याला काल पत्र वाचता येत नव्हतं, त्यानं आज गाणं लिहिलं, आणि तिथून 2004पर्यंत, म्हणजे साठ वर्षं, तो थांबला नाही. हजारो गाणी. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' हे संग्रह सत्तरच्या दशकात निघाले, पण छापलेल्यापेक्षा न छापलेलं कितीतरी जास्त. ते लोकांच्या वह्यांत होतं आणि त्याहून जास्त लोकांच्या तोंडात. पांढरपेशे ज्याला करिअर म्हणतात ती शिडी असते, वर जाते. दादांची वाट आडवी होती. एका गावच्या जयंतीतून दुसऱ्या गावच्या जयंतीत, एका वस्तीच्या ओट्यावरून दुसऱ्या वस्तीच्या ओट्यावर. एसटी, पायपीट, कुणाच्या तरी घरची भाकर, कुणाच्या तरी पडवीत पथारी. 15 मे 2004ला नाशिकमध्ये गेले तोवर हेच.

आणि हे काम कसलं होतं, तेही समजून घ्या. 14 ऑक्टोबर 1956ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्म दिला आणि लाखोंनी एका दिवसात देव टाकले. देव टाकले म्हणजे काय काय टाकलं? भजन गेलं, खंडोबाचं जागरण गेलं, देवीचा गोंधळ गेला, एकादशी गेली. गरीब माणसाचं वर्षभराचं सगळं गाणं एका रात्रीत उंबऱ्याबाहेर. पुढं दोन महिने होत नाहीत तो 6 डिसेंबर. बापच गेला. आता बारशाला काय म्हणायचं? लग्नात काय? मयताच्या रात्री मढ्याजवळ बसून काय गायचं? वस्ती मुकी झाली असती. ती मुकी होऊ दिली नाही ती या शाहिरांनी. आधी भीमराव कर्डकांसारख्या जलसेकारांनी पायवाट पाडलेली होती. त्यांच्या एका जलशाचं मोल आपल्या दहा भाषणांइतकं आहे, असं खुद्द बाबासाहेब म्हणाल्याचं जुनी माणसं सांगत आली. त्या पायवाटेचा वामनदादांनी हमरस्ता केला. पाळणा दिला, लग्नाचं गाणं दिलं, रडायचं गाणं दिलं, लढायचं गाणं दिलं. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना महाडचं 1927, काळारामाचं 1930, येवल्याचं 1935 चालीवर पाठ करून दिलं. आपल्या आज्यांचं विद्यापीठ पेटीढोलकीचं होतं, दोस्तांनो.

आणि ही गाणी नुसती आरत्या नव्हत्या. टाटा-बिर्लांना नावानं हाक मारून संपत्तीतला आपला हिस्सा मागणारं दादांचं गाणं तुम्ही ऐकलं असेल. मी ते पहिल्यांदा ऐकलं खोपोलीत, डोंगरावरून खाली येणाऱ्या त्या अवाढव्य पाइपांच्या पायथ्याशी. 1915 साली टाटांचं वीजकेंद्र इथं सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या धरणांचं पाणी पाइपातून खाली सोडून त्यावर वीज केली, ती मुंबईला नेली, तिच्यावर गिरण्या फिरल्या. अशाच गिरण्यांत वामनदादा राबले. म्हणजे ते गाणं वाऱ्यावरचं नव्हतं. आमच्या डोंगरावरचं पाणी, त्याची वीज, त्या विजेवरचा माग, मागावरचा आमचा माणूस, आणि त्या माणसाचा सवाल. अर्थशास्त्राची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी हा सवाल इतक्या सोप्या मराठीत विचारून दाखवावा.

दादांनी सवाल आपल्यांनाही केला. बाबासाहेबांच्या विचाराला जागणारी मोजकी माणसं तरी निघाली असती तर आज हे दिवस आले नसते, असं खडसावणारं त्यांचं गाणं आहे. मजा अशी, की गटबाज पुढारी स्टेजवर बसून त्याच गाण्याला मान डोलावतात आणि वर शंभराची नोट देतात. गाणं आपल्यावरच आहे हे त्यांना कळत नाही, किंवा कळतं आणि शंभराची नोट ही त्याची दंडाची पावती असते.

आता त्या शेवटच्या कडव्याकडं येतो.

बहुतेक गाण्यांच्या शेवटी दादा आपलं नाव गुंफतात : वामन. ही हौस नव्हे. 'तुका म्हणे' ही हौस होती का? 'चोखा म्हणे' ही हौस होती का? ज्या चोखोबाला देवळाच्या पायरीवर उभं केलं, ज्याला मंगळवेढ्याच्या गावकुसाखाली वेठबिगारीत चिरडून मारलं, त्याच्याकडं आपली म्हणायला होती काय चीज? शेत नाही, घर नाही, पोथी नाही. फक्त अभंगाच्या शेवटचं नाव. देऊळ त्याला आत घेत नव्हतं, पण अभंग आत गेला की नावही आत जायचं. गाण्यातून नाव उपटता येत नाही, उपटलं तर चाल लंगडते. मुद्रा ही गरिबाची सही आहे. त्याचा सातबारा. वामनदादांनी तोच सातबारा वापरला. त्या नावाआडून ते कधी स्वतःची ग्वाही देतात, कधी स्वतःलाच सवाल टाकतात. आणि आपण कापतो ते नेमकं तेच कडवं.

इथं मी तुम्हाला थोडं लांब नेतो. लांब म्हणजे अमेरिकेत. 1972 साली मुंबईच्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते तिथल्या काळ्या पोरांकडून, ज्यांनी 1966 साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी काढली. आपण त्यांची मूठ घेतली, त्यांचा आवेश घेतला. त्यांच्या गाण्याचा हिशेब मात्र घ्यायचा राहिला. त्या पार्टीचा स्वतःचा सोल बँड होता, 1970 साली काढलेला. नाव द लुम्पेन. गाणारे पार्टीचेच कार्यकर्ते, पार्टीची बाकीची कामंही करणारे. गाडी येईस्तोवर वेळ काढायला बोलावलेले भाडोत्री नव्हते.

या सोल गाण्याचा पहिला मोठा गडी सॅम कुक. जन्म 1931, मिसिसिपी राज्यात, बाप चर्चचा उपदेशक. सॅम आधी चर्चची भक्तिगीतं गायचा, सोल स्टिरर्स नावाच्या मंडळीत. 1957 साली तो देवाची गाणी सोडून माणसाच्या प्रेमाची गाणी गायला लागला आणि पहिल्याच झटक्यात देशात अव्वल आला. चर्चचा गळा आणि रस्त्याचे शब्द, यातून जे झालं त्याला जग पुढं सोल म्हणायला लागलं. सॅम स्वतः लिहायचा, स्वतः गायचा, आणि मुख्य म्हणजे हिशेब स्वतः ठेवायचा. गाण्यांचे हक्क सांभाळायला त्यानं स्वतःची प्रकाशन कंपनी काढली, दुसऱ्या काळ्या गायकांच्या रेकॉर्ड काढायला स्वतःचं लेबल काढलं. ज्या देशात काळ्याचं गाणं गोरा रेकॉर्डवाला चार पैशांत घेऊन बंगला बांधायचा, तिथं हे लढणंच होतं.

ऑक्टोबर 1963मध्ये हा नामांकित गायक बायकोला घेऊन लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या एका मोटेलात गेला. खोली फोनवर ठरवलेली होती. कातडी पाहून सांगितलं, खोली नाही. सॅमनं आवाज चढवला, तर शांतता भंगाबद्दल अटक. आपल्याला हे नवं नाही. परदेशात शिकून बडोद्याच्या नोकरीत रुजू झालेल्या बाबासाहेबांना 1917 साली तिथल्या पारशी सराईतून काठ्या घेऊन बाहेर काढलं होतंच. श्रीव्हपोर्टनंतर काही महिन्यांत, जानेवारी 1964मध्ये, सॅमनं 'अ चेंज इज गॉना कम' हे गाणं रेकॉर्ड केलं. बदल येणार, यायलाच हवा, असं सांगणारं. त्यात एक कडवं आहे : काळा माणूस सिनेमाला जातो, शहरात जातो, आणि त्याला तिथं घुटमळू नकोस म्हणून बजावलं जातं. 11 डिसेंबर 1964ला लॉस एंजेलिसच्या एका मोटेलात सॅमला गोळी लागली. वय 33. त्याच महिन्यात त्या गाण्याची छोटी रेकॉर्ड बाजारात आली, रेडिओवर वाजायला.

आणि तिच्यातून एक कडवं कापलेलं होतं. कुठलं? तेच. सिनेमाचं आणि शहराचं. रेडिओच्या वेळेत गाणं बसवायला नेमकं तेवढंच जास्त झालं होतं!

मेलेल्या माणसाला विचारायचं कारणही नव्हतं. पुढं त्याच्या गाण्यांचे हक्कही गोऱ्या मॅनेजरच्या कंपनीत गेले. पण ते गाणं अख्खं, त्या कडव्यासकट, आधीच त्याच्या मोठ्या रेकॉर्डवर छापून झालेलं होतं, म्हणून आज जग ते अख्खं ऐकतं. मुद्दा ध्यानात घ्या. कात्री सगळीकडं चालते. अख्खं गाणं कुठंतरी नोंदलेलं असेल तरच कात्रीला उत्तर देता येतं. आपल्याकडं नोंद कुठं आहे? म्हाताऱ्यांच्या डोक्यात. आणि म्हाताऱ्या दर वर्षी कमी होतायत.

आपल्याकडं कात्र्या तीन.

पहिली पांढरपेशा साहित्याची. त्यांनी वामनदादांना 'लोककवी' म्हटलं. ऐकायला गोड, पण 'लोक' लावला की नुसता 'कवी' म्हणायची जबाबदारी संपते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनानं दादांना एकदाही अध्यक्ष केलं नाही. ते 81 वर्षं जगले, वेळ कमी पडला असं म्हणता येणार नाही. अण्णाभाऊ साठेंनाही केलं नाही. अण्णाभाऊ 1969 साली दारिद्र्यात मेले आणि मग त्यांचे पुतळे झाले. जिवंत शाहिरापेक्षा पुतळा स्वस्त पडतो, त्याला जेवायला लागत नाही. पण या कात्रीबद्दल फार रडणार नाही. त्यांच्याकडं मागायला आपण गेलोच कशाला?

दुसरी कात्री बाजाराची. रेकॉर्डी आल्या, मग ऐंशीच्या दशकात कॅसेटी आल्या, मग सीडी, आता मोबाइल. भीमगीतांवर किती घरं उभी राहिली, त्यात लिहिणाऱ्याचं किती? प्रल्हाद शिंदेंचं उदाहरण घ्या. काय गळा! हा माणूस भीमगीतं गायला तसाच विठ्ठलाची गाणी गायला, सत्यनारायणाची कथा गायला. आजही पूजेच्या मांडवात पहाटे त्यांचाच आवाज लागतो. ज्या आळीत सत्यनारायणाला तो आवाज चालतो, त्याच आळीत त्याच आवाजातलं भीमगीत लागलं तर कपाळावर आठ्या पडतात. गळा पाहिजे, गळ्याखालचा माणूस नको. काही आपलेच शहाणे प्रल्हाददादांना नावं ठेवतात, देवाची गाणी का गायली म्हणून. त्यांनी आधी सांगावं, त्या वर्षांत त्यांच्या चुलीला लाकूड कोण देत होतं? वामनदादा मेमध्ये गेले, प्रल्हाददादा जूनमध्ये. 2004च्या एका उन्हाळ्यात आपला कवी आणि आपला गळा, दोन्ही गेले. आपण दोन्ही वेळा मोठे बॅनर लावले.

कायद्यात लिहिणाऱ्याला हक्क आहे. मरणानंतर साठ वर्षं त्याच्या शब्दांवर हक्क त्याचा आणि त्याच्या वारसांचा. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवर तो 2064 सालापर्यंत आहे. 2012 साली कायदा दुरुस्त करून गीतकाराचा रॉयल्टीचा वाटा आणखी पक्का केला. हे किती गायन पार्ट्यांना, किती कॅसेटवाल्यांना माहीत आहे? माहीत करून देणार कोण? चळवळीत वकील कमी आहेत का?

तिसरी कात्री आपली. ती सर्वांत धारदार, कारण ती निळ्या झेंड्याखाली चालते.

गाडी येईस्तोवर गा. आपल्या चळवळीनं शाहिराला दिलेली जागा एवढीच. गर्दी जमवायला गाणं, गर्दी धरून ठेवायला गाणं, आणि गाडी दिसली की गाणं बंद. शाहीर म्हणजे कुकरची शिट्टी. भात झाला की गॅस बंद. मग त्यानं कधी जेवलं, शेवटची लोकल मिळाली का, पेटीची भाताफुटी झाली तर ती नीट करायला पैसे आहेत का, कुणी विचारत नाही. 11 जुलै 1997ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मारली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी मुलुंडच्या झोपडीत गळफास घेतला. विठ्ठल उमप 2010 साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर स्टेजवरच कोसळले. आपले गाणारे असे मरतात, उभ्यानं किंवा लटकून. आणि 2015 साली शिर्डीत एका दलित पोराला, नर्सिंग शिकणाऱ्या पोराला, मोबाइलच्या रिंगटोनला भीमगीत होतं म्हणून मारून टाकलं. जात्यंधाला गाण्याची किंमत कळते. तो त्यासाठी खून करतो. आपल्याला कळत नाही. आपण माईक काढून घेतो.

आता तुमचे आक्षेप. ऐकू येतायत मला.

एक म्हणेल, डीजेला शिव्या द्यायला लागलास म्हणजे म्हातारा झालास, का भटाळलास? नाही बाबा. पोरांनी नाचावं. ज्यांच्या आजोबांना वरातीत घोड्यावर बसायची चोरी होती, त्यांच्या नातवांनी हमरस्त्यावर बेभान नाचावं, यात मला आनंदच आहे. दादांनीही सिनेमाच्या चाली घेतल्या, कव्वालीचा ठेका घेतला. चालीचं सोवळं त्यांनी पाळलं नाही, मी कोण पाळणार? माझं भांडण ठेक्याशी नाही. भांडण आहे ते मुखड्याची एक ओळ चाळीस वेळा वाजवून बाकीचं गाणं गटारात टाकण्याशी. सवाल टाकला, धिंगाणा ठेवला.

दुसरा म्हणेल, गाणं लोकांचं झालं, आता नाव कशाला? हा जरा हुशार आक्षेप. पण लोकांचं झालं म्हणजे बेवारस झालं का? आणि 'लोकांचं' हे तत्त्व नेहमी आपल्याच माणसाच्या वेळी का आठवतं? वरच्यांच्या कवीच्या एका ओळीखाली नाव छापायचं राहिलं तर रविवारच्या पुरवणीत पत्रांचा पाऊस पडतो.

तिसरा म्हणेल, एका कडव्यानं काय फरक पडतो?

त्याला मी कोंढाण्याला नेतो. कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हासच्या खोऱ्यात कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची. मुंबईकर पोरं पावसाळ्यात धबधब्याखाली फोटो काढायला जातात आणि पाठ फिरवून येतात. चैत्याच्या दर्शनी भागावर डाव्या बाजूला एका भंगलेल्या मूर्तीचं डोकं आहे, त्याच्याजवळ ब्राह्मी अक्षरांची एक ओळ आहे. तिचा अर्थ एवढाच : कण्हाचा शिष्य बलक, त्यानं हे केलं. बस्स. राजाचं नाव नाही, सेठाचं नाव नाही. छिन्नीवाल्याचं नाव, आणि त्याआधी त्याच्या गुरूचं. डोकं फुटलं, पावसानं दर्शनी भाग झिजला, माणसं लेणं विसरली. नाव राहिलं. आपल्या बौद्ध परंपरेत करणाऱ्याचं नाव करणीवर कोरलं जात होतं, कर्जतच्या दगडात त्याचा पुरावा आहे. आणि आपण? आपण वामनदादांचं कोरलेलं नाव खरवडून काढतोय. हे काम करायला मनुवाद्यांची गरज लागली नाही.

याच कर्जतला माझी एक चुलत आजी आहे. अंगठेबहाद्दर. त्या 14 एप्रिलनंतर काही महिन्यांनी तिला म्हटलं, आजी, वामनदादाची गाणी येतात का तुला? तिनं पदर खोचला आणि सुरू झाली. एकामागं एक, सात. मी मोबाइलवर धरून ठेवली. एकाही गाण्याचं शेवटचं कडवं तिनं सोडलं नाही. मी मुद्दाम एकदा मध्येच म्हटलं, 'पुरे आजी, कळलं.' तर खेकसली, 'गप रं! नाव नाय घेतलं तर गानं पुरं कसं व्हनार?' जिला स्वतःची सही येत नाही, तिनं दुसऱ्याची सही पन्नास वर्षं सांभाळली. आणि मी, पदवीधर, कार्यकर्ता, हातात माईक असलेला, ती चार सेकंदांत पुसली.

म्हणून, रडगाणं पुरे. काम सांगतो. कर्जत-खालापूरच्या पोरांना आधी, मग बाकीच्यांना.

गाणं सुरू असताना कुणाचीही गाडी येवो, गाणं पुरं होईल. साहेबांनी सतरंजीवर बसून शेवटचं कडवं ऐकावं. त्यांच्या गुडघ्यांना ते सोसत नसेल तर गाडीत बसावं.

गाण्याआधी लिहिणाऱ्याचं नाव माईकवर घ्यायचं. डीजेवर लावलं तरी.

गायकाची बिदागी कार्यक्रमाआधी, पुरी, हातात. सोबत जेवण आणि परतीच्या गाडीची वेळ पाहून सोडायला माणूस.

प्रत्येक वस्तीत एका पोरानं किंवा पोरीनं म्हाताऱ्यांकडं बसायचं. मोबाइल कशाला आहे? गाणं पुरं धरायचं, मग वहीत उतरवायचं, खाली कुणाकडून, कुठं, कधी ते लिहायचं. दोन तालुक्यांच्या वह्या एका जागी आणायच्या. विद्यापीठं करतील तेव्हा करतील.

आणि शेवटचं : स्वतः लिहा. वामनदादांच्या गाण्यांवर आणखी किती वर्षं बसून खाणार? त्यांनी त्यांच्या काळाचा सवाल विचारला. आपल्या काळाचा? 19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, ठाकर आदिवासींची वाडी झोपेत गाडली गेली, कित्येकांचे मृतदेहसुद्धा हाती लागले नाहीत. खालून द्रुतगती महामार्ग सुसाट वाहत होता. तू गाणं लिहिलंस? मी नाही लिहिलं. मी स्टेटस ठेवलं. दादा असते तर गप्प बसले असते का?

मामांची अर्धी बिदागी मी येत्या रविवारी नेरळला घेऊन जातोय. उशीर झालाय, व्याज देणं आलं. व्याज म्हणून त्यांच्यासमोर बसून ते गाणं अख्खं ऐकणार आहे, आणि वहीत उतरवून घेणार आहे. शेवटच्या कडव्यासकट.

येत्या 14 एप्रिलला माईक पुन्हा माझ्याकडं असेल. मी तो पुन्हा उचलला, तर दोस्तांनो, माझा हात धरा.

जय भीम.